माल परत येत नाही, पैसे मात्र जातात : डिजिटल विक्रीतील परतावा आणि पेमेंटचे वाद

ई-पुस्तके, ऑनलाइन अभ्यासक्रम, सॉफ्टवेअरचे परवाने, फॉन्ट, गेममधली नाणी, स्पर्धा परीक्षेच्या नोट्सच्या पीडीएफ. या मालाला गोदाम लागत नाही, कुरिअर लागत नाही आणि हजारावी प्रत काढायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. म्हणून घरबसल्या विक्री करणारे लेखक, शिक्षक, चित्रकार, प्रोग्रामर या धंद्याकडे वळले. ग्राहक पैसे परत मागतो तेव्हा मात्र याच सोयी आड येतात. साडी परत आली तर घडी घालून पुन्हा कपाटात ठेवता येते. पीडीएफ परत आली असे म्हणताच येत नाही, कारण ग्राहकाकडची प्रत त्याच्याकडेच राहते. पार्सल पोचल्याची सही कुरिअरवाल्याकडे असते. फाइल पोचल्याची नोंद विक्रेत्याच्याच सर्व्हरवर असते, आणि वादातल्या एका पक्षाची वही दुसऱ्याने का मानावी, हा प्रश्न उरतो.

गेल्या दीड-दोन दशकांत या प्रश्नावर कायदे झाले, न्यायालयांचे निकाल आले, कार्ड कंपन्यांनी आणि ऑनलाइन दुकानांनी नियम बदलले. त्यातून काय ठरले आणि काय अजून ठरायचे आहे, ते येथे पाहू.

पैसे परत जाण्याच्या तीन वाटा

बोलताना आपण सगळ्याला ‘रिफंड’ म्हणतो, पण पैसे तीन वेगवेगळ्या वाटांनी परत जातात. पहिली वाट विक्रेत्याने स्वतः दिलेल्या परताव्याची. यात निर्णय त्याच्या हातात असतो आणि नुकसान त्या विक्रीपुरते असते. तरीही मूळ व्यवहारावर गेटवेने घेतलेले शुल्क बहुधा परत मिळत नाही, आणि जीएसटी भरला असेल तर क्रेडिट नोट काढावी लागते.

दुसरी वाट चार्जबॅकची. ग्राहक विक्रेत्याला वगळून थेट आपल्या बँकेकडे जातो. बँक व्यवहार उलटवते, रक्कम विक्रेत्याच्या बँकेकडून वसूल होते आणि ती बँक विक्रेत्याच्या खात्यातून कापून घेते. पुरावे देऊन प्रतिवाद करण्याची संधी असते, पण तोवर पैसे गेलेले असतात. शिवाय वादाचे शुल्क वेगळे. स्ट्राइप ही कंपनी अमेरिकेत एका वादामागे १५ डॉलर घेते. म्हणजे पाच डॉलरच्या ई-पुस्तकावर वाद झाला, तर पुस्तकाच्या किमतीच्या तिप्पट रक्कम नुसत्या शुल्कात जाते.

तिसरी वाट फसलेल्या व्यवहाराची. ग्राहकाच्या खात्यातून पैसे कापले गेले, विक्रेत्याला पोचले नाहीत, आणि डाउनलोडची लिंकही आली नाही. यात दोष कोणाचाच नसतो, पण शिव्या विक्रेत्याला बसतात. घाबरलेला ग्राहक दुसऱ्यांदा पैसे भरतो आणि मग एका खरेदीवर दोन तक्रारी उभ्या राहतात.

चार्जबॅकचा खरा धोका एकेका रकमेत नसतो, प्रमाणात असतो. कार्ड कंपन्या दर महिन्याला व्यवहारांच्या संख्येशी वादांची संख्या ताडून पाहतात. मास्टरकार्डच्या योजनेत महिन्याला किमान १०० चार्जबॅक आणि दीड टक्का प्रमाण ही देखरेखीची पायरी आहे. ती ओलांडली की दंड आणि शेवटी कार्ड स्वीकारण्याची सोयच बंद होण्याची शक्यता. येथे रक्कम मोजली जात नाही, संख्या मोजली जाते. त्यामुळे स्वस्त माल भरपूर विकणाऱ्याला ही पायरी लवकर लागते.

चार्जबॅक आला कुठून

या हक्काचे मूळ कागदी पावत्यांच्या काळात आहे. अमेरिकेत १९७४ मध्ये फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट झाला. क्रेडिट कार्डाच्या बिलातील चुकीच्या नोंदीवर ६० दिवसांत हरकत घेण्याचा हक्क त्याने दिला, आणि अनधिकृत वापरात कार्डधारकाची जबाबदारी ५० डॉलरपर्यंत मर्यादित ठेवली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट आला. त्याच्या ७५व्या कलमानुसार १०० ते ३०,००० पौंडांच्या खरेदीत विक्रेत्याबरोबर कार्ड देणारी संस्थाही जबाबदार असते. आज आपण ज्याला चार्जबॅक म्हणतो त्यातला बराच भाग मात्र कायद्यातून आलेला नाही. तो व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या अंतर्गत नियमांतून आला. व्हिसाच्या नियमांत वाद उभा करायला बहुतेक प्रकारांत १२० दिवस मिळतात. पीडीएफ वाचून, परीक्षा देऊन, निकाल लागेपर्यंतचा हा काळ आहे.

टपालाने आणि फोनवर माल विकणाऱ्यांच्या काळात एक तत्त्व रूढ झाले : कार्ड समोर नसेल तर जोखीम विक्रेत्याची. इंटरनेटवरच्या विक्रीने ते जसेच्या तसे उचलले. २००१ च्या सुमारास व्हिसाने थ्री-डी सिक्युअर ही पद्धत आणली. त्यात ग्राहकाची ओळख बँकेने पटवली, तर चोरीच्या वादाची जबाबदारी विक्रेत्याकडून बँकेकडे सरकते. भारतात रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसरी पडताळणी सक्तीची केली. युरोपात अशी सक्ती सप्टेंबर २०१९ पासून टप्प्याटप्प्याने आली. या बाबतीत भारत युरोपच्या दहा वर्षे पुढे होता.

वाद कशावरून होतात

पहिला प्रकार निखळ चोरीचा. चोरलेल्या कार्डाने खरेदी करणाऱ्याला डिजिटल माल आवडतो, कारण तो तत्काळ हाती येतो आणि पत्ता द्यावा लागत नाही. गेमच्या ‘की’ किंवा गिफ्ट कार्ड घेऊन ती दुसरीकडे विकून टाकणे सोपे असते. चोरलेली कार्डे चालू आहेत का हे तपासण्यासाठीही अशाच लहान रकमांच्या खरेद्या केल्या जातात.

दुसरा प्रकार माल न मिळाल्याचा : लिंक स्पॅममध्ये गेली, ईमेल चुकीचा टाइप झाला, फाइल मोबाइलवर उघडलीच नाही. तिसरा, माल सांगितल्याप्रमाणे नसल्याचा. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ हा गेम जुन्या प्लेस्टेशनवर इतका अडखळत चालला, की सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि खरेदीदारांना पैसे परत देऊ केले. जून २०२१ मध्ये तो परत विक्रीला आला. चौथा प्रकार विसरलेल्या किंवा बंद करता न आलेल्या वर्गणीचा. पाचवा, मुलांनी पालकांच्या कार्डावर केलेल्या खरेदीचा. याच कारणावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये ॲपलला किमान सव्वातीन कोटी डॉलर आणि गूगलला १.९ कोटी डॉलर ग्राहकांना परत द्यायला लावले.

सहावा प्रकार सगळ्यांत वादग्रस्त. माल घेतला, वापरला आणि मग ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ असे बँकेला सांगितले. धंद्यात याला फ्रेंडली फ्रॉड म्हणतात. पण यातले सगळेच लबाड नसतात. बँकेच्या विवरणात दुकानाऐवजी गेटवेचे किंवा कंपनीचे अनोळखी नाव दिसले, की प्रामाणिक माणूसही दचकतो. घरातल्या दुसऱ्या कोणी खरेदी केलेली असू शकते. लबाडी किती आणि गैरसमज किती, हे बँकेच्या फॉर्मवरून कळत नाही. याविषयी फिरणारे अनेक आकडे फसवणूक रोखण्याच्या सेवा विकणाऱ्या कंपन्यांचेच असल्याने ते जपून वाचावे लागतात.

चार पक्ष, चार भूमिका

ग्राहकांच्या संघटनांचे म्हणणे असे : डिजिटल माल घेण्याआधी हाताळून पाहता येत नाही, विक्रेता अनेकदा दुसऱ्या देशात असतो, आणि पाचशे रुपयांसाठी न्यायालयात कोणी जात नाही. अशा वेळी चार्जबॅक हा सामान्य माणसाला परवडणारा एकमेव उपाय आहे. तो कमकुवत केला तर फसवे अभ्यासक्रम विकणाऱ्यांचे फावेल.

विक्रेत्यांचे म्हणणे : परतावा म्हणजे येथे फुकट वाटप. वाचून झालेले पुस्तक आणि पाहून झालेला अभ्यासक्रम यांचा पूर्ण लाभ घेतलेला असतो. निकाल देणारी बँक ही तिच्याच ग्राहकाची बँक असते, त्यामुळे तराजू आधीच झुकलेला असतो. आणि लहान विक्रेत्याला एका वादासाठी पुरावे गोळा करण्यात जाणारा वेळ मालाच्या किमतीहून महाग पडतो.

बँका आणि कार्ड कंपन्या सांगतात की विश्वास टिकला तरच लोक कार्ड वापरतील, म्हणून शंकेचा फायदा कार्डधारकाला मिळणे व्यवस्थेच्या हिताचे आहे. मात्र खोटे वाद वाढले तर त्यांचाही खर्च वाढतो. चौथा पक्ष मोठ्या ऑनलाइन दुकानांचा. त्यांना ग्राहक नाराज करायचा नसतो, आणि उदार परताव्याचा भार त्यांना लेखकावर किंवा गेम बनवणाऱ्यावर ढकलता येतो. त्यामुळे मूळ निर्माता आणि दुकान यांचे हितसंबंध येथे एकच असतात असे धरून चालत नाही.

कायदा काय म्हणतो

युरोपीय संघाने २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशात दूरवरून केलेल्या खरेदीवर १४ दिवसांत माघार घेण्याचा हक्क दिला. तो जून २०१४ पासून लागू झाला. डिजिटल मजकुरासाठी त्यात अपवाद आहे : डाउनलोड लगेच सुरू करायला ग्राहकाने स्पष्ट संमती दिली आणि त्याने माघारीचा हक्क संपतो हे मान्य केले, तर हक्क राहत नाही. युरोपीय दुकानांत पैसे भरताना दिसणारी ती चौकट या तरतुदीसाठी असते. विक्रेता ती विसरला तर हक्क शाबूत राहतो. माल सदोष असेल तर मात्र या संमतीने विक्रेता सुटत नाही. २०१९ च्या वेगळ्या निर्देशाने, जो २०२२ पासून लागू आहे, आधी दुरुस्ती, मग किंमत कमी करणे किंवा करार रद्द करणे असा क्रम घालून दिला.

ब्रिटनने २०१५ च्या कायद्यात डिजिटल मजकूर हा वस्तू आणि सेवा यांच्याहून वेगळा तिसरा वर्ग मानला. सदोष वस्तू सुरुवातीच्या ३० दिवसांत थेट नाकारण्याचा जो हक्क आहे, तो या वर्गाला दिला नाही. तेथे दुरुस्ती, बदली किंवा किमतीत सूट हे उपाय आहेत.

ऑस्ट्रेलियात वेगळी वाट निघाली. स्टीम हे गेमचे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीवर तेथील ग्राहक आयोगाने २०१४ मध्ये दावा लावला. आपण अमेरिकी कंपनी आहोत आणि गेम ही वस्तू नव्हे, असा कंपनीचा बचाव होता. २०१६ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला, गेमचे सॉफ्टवेअर ही वस्तूच आहे असे ठरवले आणि ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. २०१८ मध्ये सर्वोच्च पातळीवर अपिलाची परवानगीही नाकारली गेली. परदेशी विक्रेत्याला खरेदीदाराच्या देशाचा कायदा लागू होऊ शकतो, हा या निकालाचा धडा भारतातून बाहेर विकणाऱ्यांनाही लागू पडतो.

अमेरिकेत डिजिटल परताव्याचा सर्वसाधारण केंद्रीय कायदा नाही. तेथे नियंत्रण येते ते फसवणुकीविरुद्धच्या कारवायांतून. डिसेंबर २०२२ मध्ये ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिक गेम्सने ग्राहकांना २४.५ कोटी डॉलर परत द्यायचे मान्य केले. बँकेकडे वाद नेणाऱ्या खेळाडूंची खाती कंपनीने बंद केली, त्यामुळे त्यांनी आधी घेतलेला मालही गेला, असा एक आरोप त्यात होता.

दुकानांचे नियम

कायद्यापेक्षा दुकानांच्या नियमांचा परिणाम रोजच्या व्यवहारावर जास्त होतो. स्टीमने जून २०१५ पासून खरेदीनंतर १४ दिवस आणि दोन तासांहून कमी खेळ असा निकष ठेवला. गूगलच्या ॲप दुकानात एके काळी २४ तासांची मुदत होती. डिसेंबर २०१० मध्ये ती १५ मिनिटांवर आणली गेली आणि पुढे २०१४ मध्ये दोन तासांवर गेली. दुकानांनाही योग्य आकडा सापडत नव्हता, हे या चढउतारांवरून दिसते.

पुस्तकांच्या क्षेत्रात वाद अधिक तीव्र झाला. ऑडिबलमध्ये सभासदाला घेतलेले ध्वनिपुस्तक वर्षभर बदलून घेता येत असे, आणि परत गेलेल्या पुस्तकाचे मानधन लेखकाच्या खात्यातून वजा होई. लेखकांनी आवाज उठवल्यावर २०२१ पासून सात दिवसांनंतर परत आलेल्या पुस्तकाचे मानधन कापणे थांबले. ॲमेझॉनवर किंडल पुस्तक सात दिवसांत एका क्लिकवर परत करता येत असे आणि काही वाचक पूर्ण वाचून परत करत. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या लेखक संघटनांच्या आग्रहानंतर २०२२ मध्ये कंपनीने दहा टक्क्यांपुढे वाचलेल्या पुस्तकाचा आपोआप परतावा बंद करायचे ठरवले. किंडलवर मराठी पुस्तके २०१६ पासून मिळतात, म्हणून हा बदल मराठी लेखकांच्याही मानधनाशी निगडित आहे.

या सगळ्यांतून एक समान दिशा दिसते : दिवस मोजण्यापेक्षा वापर मोजणे. मात्र वापर मोजायला फाइल दुकानाच्याच ॲपमध्ये उघडावी लागते. ईमेलने पीडीएफ पाठवणाऱ्या एकट्या विक्रेत्याला हा मार्ग उपलब्ध नाही.

भारतातले चित्र

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालचे जुलै २०२० चे ई-कॉमर्स नियम डिजिटल उत्पादनांनाही स्पष्टपणे लागू आहेत. सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेल्या मालाचे पैसे परत द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. आधीच टिक केलेली चौकट ही संमती मानली जात नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते. पण केवळ मन बदलले म्हणून माघार घेण्याचा युरोपसारखा हक्क येथे नाही. म्हणून ‘नो रिफंड’ अशी पाटी लावणारा विक्रेता पूर्ण सुरक्षितही नाही आणि पूर्ण चुकीचाही नाही. नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी १३ फसव्या मांडण्यांना मनाई केली, त्यांत वर्गणीचा सापळाही आहे.

पैशांच्या बाजूने रिझर्व्ह बँकेची दोन परिपत्रके महत्त्वाची. जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना झालेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळवला तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, आणि ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा भार बँकेवर. सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने फसलेल्या व्यवहारांना मुदती घातल्या. यूपीआयने दुकानदाराला केलेले पेमेंट अडकले तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे परत यायला हवेत, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई. वर्गणीच्या आपोआप वसुलीआधी २४ तास सूचना देण्याची सक्तीही विसरलेल्या वर्गण्यांचे वाद रोखण्यासाठीच आहे.

भारतात लहान विक्रेत्याचे बहुतेक पैसे यूपीआयने येतात. ग्राहकाने स्वतः पिन टाकलेला असल्याने ‘मी केलेच नाही’ हे म्हणणे तेथे अवघड असते. चार्जबॅकची सोय यूपीआयमध्येही बँकांमार्फत आहे, मात्र तिच्या वारंवार वापरावर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने मर्यादा घातली आहे. त्यामुळे धोके वेगळ्या रूपात येतात. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर नोट्स विकणाऱ्याला बनावट पेमेंटचा स्क्रीनशॉट दाखवून फाइल उकळली जाते. आणखी गंभीर प्रकार खाते गोठण्याचा. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या मदत क्रमांकावर नोंदली गेली की पैशांचा माग काढला जातो. फसवणुकीच्या पैशातले दोनशे रुपये कोणी अभ्यासक्रमासाठी भरले असतील, तर काहीही ठाऊक नसलेल्या विक्रेत्याच्या खात्यावरही टाच येऊ शकते. पूर्ण खाते न गोठवता वादातली रक्कमच रोखावी, अशा अर्थाचे आदेश काही उच्च न्यायालयांनी दिले आहेत, पण सर्वत्र तसेच घडते असे नाही.

परदेशातल्या मराठी वाचकांना किंवा इतर ग्राहकांना विकताना चित्र पुन्हा बदलते. परदेशी बँकेच्या कार्डावर ओटीपी सक्तीचा नसतो, त्यामुळे चोरीच्या वादाची जोखीम विक्रेत्याकडे परत येते. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातली देशांतर्गत सेवा थांबवली, परदेशी पैसे घेण्याची सोय ठेवली. तेथे वाद उभा करायला ग्राहकाला १८० दिवस मिळतात.

पुराव्याचा प्रश्न

कार्ड कंपन्यांनाही एकतर्फी व्यवस्थेची मर्यादा जाणवली आहे. एप्रिल २०२३ पासून व्हिसाने पुराव्याचा नवा नियम लागू केला. त्याच ग्राहकाचे किमान १२० दिवसांपूर्वीचे दोन बिनतक्रार व्यवहार दाखवता आले आणि आयपी पत्ता, उपकरणाची ओळख, लॉगिन यांसारख्या किमान दोन खुणा जुळल्या, तर ‘मी केलेच नाही’ हा दावा टिकत नाही. विक्रेत्याच्या नोंदवहीला मिळालेली ही मोठी मान्यता आहे. पण पहिल्यांदाच आलेल्या ग्राहकाबाबत तिचा उपयोग शून्य, आणि एकच अभ्यासक्रम विकणाऱ्याचे बहुतेक ग्राहक पहिल्यांदाच आलेले असतात.

दुसरा मार्ग जोखीम दुसऱ्याकडे सोपवण्याचा. पॅडल, लेमन स्क्वीझी यांसारख्या कंपन्या कायद्याच्या दृष्टीने स्वतःच विक्रेता होतात. कर, परतावा, वाद त्या हाताळतात आणि बदल्यात जास्त कमिशन घेतात. गमरोडही २०२५ पासून याच पद्धतीवर आले. मात्र वादाची रक्कम शेवटी निर्मात्याच्या हिशेबातून वजा होते, आणि ग्राहक कोणाचा हा प्रश्न धूसर होतो.

न सुटलेले मुद्दे

पहिला मुद्दा वर्गवारीचा. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात विक्रीकरासाठी तयार सॉफ्टवेअर ही वस्तू मानली होती. ते माध्यमावर साठवलेले सॉफ्टवेअर होते. निव्वळ डाउनलोड होणाऱ्या फाइलला ग्राहक कायद्यात वस्तूचे निकष लावायचे की सेवेचे, याची ब्रिटनसारखी स्वच्छ रेषा येथे नाही.

दुसरा, विकले काय जाते? बहुतेक दुकाने मालकी देत नाहीत, वापराचा परवाना देतात. कॅलिफोर्नियात २०२५ पासून ही गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगणे बंधनकारक आहे. परवानाच असेल, तर वाद झाल्यावर तो काढून घेता येईल का, आणि फक्त वादातल्या वस्तूचा की साऱ्या खात्याचा? एपिकच्या प्रकरणाने प्रश्न उभा केला, सर्वत्र चालेल असे उत्तर दिले नाही. तिसरा, वर्गणी बंद करणे सुरू करण्याइतके सोपे असावे, हे तत्त्व जवळजवळ सगळ्यांना मान्य आहे. तरी अमेरिकेत त्यासाठी केलेला केंद्रीय नियम जुलै २०२५ मध्ये न्यायालयात रद्द झाला.

चौथा मुद्दा या सगळ्यांच्या मुळाशी आहे. पैसे कोणी भरले, हे ओटीपी, पिन आणि उपकरणाच्या खुणा बऱ्यापैकी सांगू लागल्या आहेत. माल सांगितल्याप्रमाणे होता का आणि तो किती वापरला गेला, हे मात्र त्यांतून कळत नाही. वापर मोजण्याची साधने मोठ्या दुकानांकडे आहेत, आणि ती सर्वांना लावायची तर वाचकाने कोणते पान किती वेळ वाचले यावरही नजर ठेवावी लागेल. लहान विक्रेत्याकडे आज उरते ते साधे : विवरणात ओळखू येईल असे नाव, विकण्याआधी नमुना, परताव्याची लेखी अट, पाठवल्याची नोंद, आणि बँकेत वाद जाण्याआधी स्वतः पैसे परत देण्याची तयारी. सदोष मालाचे पैसे परत द्यावेत का, यावर आता फारसे दुमत नाही. पुढचा वाद नोंद कोणाची मानायची आणि ती ठेवण्याचा खर्च कोणी उचलायचा, यावर होईल.